टाकीवरचा ठिपका

माणूस आपलं अक्षर ओळखतो तसं आपलं वेल्डिंगही ओळखतो. जयदेव उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या लधारामच्या भंगाराच्या वखारीत आला होता तो कंपनीच्या पंपासाठी एखादा जुना व्हॉल्व्ह मिळतो का बघायला. दुसरं काही डोक्यात नव्हतं. सकाळचे अकरा वाजले होते, फेब्रुवारीचं ऊन पत्र्यांवरून डोळ्यांत येत होतं, आणि कूलरच्या जाळ्या, कपाटांची दारं, शिलाई मशीनची पायडलं यांच्या ढिगातून एक वाकडा पाइप वर आला होता. वर वळवलेला सायलेन्सर. त्याच्या वळणावर पितळेचे सहा थेंब एकापुढे एक बसलेले, आणि शेवटचा जरा मोठा, कारण तो पडताना जयदेवला शिंक आली होती. ती शिंकसुद्धा त्याला आठवली. तो तिथंच उभा राहिला आणि त्याचा डावा पाय आपोआप वर उचलला गेला, गुडघ्यात वाकला आणि हवेतच जोरात खाली गेला. त्या मोटारसायकलची किक डावीकडे होती. बारा वर्षांत पायाला कुणी ते विचारलं नव्हतं, तरी पाय काही विसरला नव्हता. भर वखारीत बेचाळीस वर्षांचा माणूस हवेला किक मारतोय, हे पाहून लधारामचा हमाल हातातलं काम टाकून बघत राहिला.

"क्या हुआ साईं, पायाला मुंग्या आल्या काय?" लधाराम गादीवरून म्हणाला. त्याची मराठी, हिंदी आणि सिंधी एकाच पातेल्यात शिजत असे.

"ही कुठून आली?"

"ये? सोनिवलीसे. तो कोंडाजी नाही का, त्यानं शेत दिलं बिल्डरला. आता बिल्डिंगी होणार. त्याची शेड तोडली, त्यात पडली होती. इंजिन जाम है, हिलता नहीं. परवा तोडून टाकणार."

"तोडू नका."

लधारामनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. धंद्यात पांढरे झालेले केस होते ते, समोरच्याच्या आवाजातली निकड त्याला बरोबर कळायची. पण का कोण जाणे, या वेळी त्यानं ती वापरली नाही. "माझी कटर मशीन बंद आहे आठ दिवस. ती चालू करून दे आणि तुझी ही महाराणी घेऊन जा," तो म्हणाला. जयदेवनं बाह्या सरसावल्या. कटर दोन तासांत चालू झाली. तोपर्यंत त्यानं ढिगाकडे एकदाही वळून पाहिलं नाही, आणि कंपनीचा व्हॉल्व्ह तर तो साफ विसरून गेला.

तीनचाकी टेम्पोत मागे तो गाडीचं हँडल धरून बसला. गाडीचं म्हणजे तिच्या सांगाड्याचं. मडगार्डं नव्हती, सीट उंदरांनी खाल्लेली, स्पोक गंजलेले, टाकीवरचं बनवणाऱ्या कंपनीचं नाव तर पहिल्या मालकाच्या, वासूसाहेबाच्या, वेळेसच खरवडून गेलेलं. पण इंजिन जसंच्या तसं. कुणी हात लावला नव्हता. म्हणजे त्या दिवशी आत जे झालं, ते आतच होतं. हे लक्षात आलं आणि त्यानं हँडल अंगापासून जरा दूर धरलं. सोनिवलीच्या रस्त्यानं तो बारा वर्षं गेला नव्हता. लग्नाची आमंत्रणं टाळली, कोंडाजीच्या बापाच्या दहाव्यालासुद्धा ताप आल्याचं सोंग केलं, कारण त्या शेडमध्ये ही होती. आणि आता हीच आपल्या पायांनी, म्हणजे चाकांनी, उल्हासनगरात येऊन त्याच्या वाटेत उभी राहिली होती. टळत नाही ते टळतच नाही.

शहात्तर साली जयदेवच्या अंबरनाथच्या कंपनीत नवा बॉयलर बसवायला चेकोस्लोव्हाकियाचा एक इंजिनियर आला. त्याचं नाव व्हाक्लाव की असंच काहीतरी. कुणाच्या जिभा वळेनात, म्हणून कामगारांनी आठवड्याभरात त्याचा वासूसाहेब करून टाकला, आणि तोही बिचारा वासू म्हटलं की ओ द्यायला लागला. बॉयलरच्या पेट्यांबरोबर त्याची एक खासगी पेटी होती. तिच्यातून ही निघाली. दिवा नाही, हॉर्न नाही, मागे बसायला जागा नाही. दात असलेली टायरं आणि माणसाच्या कमरेइतकी उंच सीट. चिखलात, डोंगरात, उड्या मारत पळवायची गाडी. टू-स्ट्रोक. रविवारी वासूसाहेब तिला बारवी धरणाच्या बाजूला नेई आणि तेवीस वर्षांचा फिटर जयदेव पान्यांची पिशवी घेऊन सायकलवरून मागोमाग जाई. दुपारी झाडाखाली साहेब मासिकं उघडी. तिकडच्या शर्यतींची चित्रं. ओल्या हिरव्या टेकड्या, दोन्हीकडे छत्र्या घेतलेली माणसं, आणि मधोमध चिखलानं माखलेला एकजण गाडीसकट हवेत. हुस्कवार्ना, बुल्टाको, मायको, मोंटेसा. शेजारचा कामगार रामरक्षा म्हणे तेव्हा जयदेव पाळीवर ही गाड्यांची नावं पुटपुटायचा. ज्या गावाला आपण कधी गेलो नाही, जाणार नाही, त्या गावाची आठवण येते का माणसाला? त्याला यायची. रात्रपाळी संपवून वालधुनीच्या पुलावरून येताना, नाकात कारखान्यांचा वास असताना, त्याला त्या टेकड्यांची इतकी आठवण यायची की सायकलचं पेडल मारायचं राहून जायचं. असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या? अंबरनाथमध्ये तर मुळीच नाही. एकोणऐंशीत वासूसाहेब परत गेला. गाडीला किल्ली नसतेच, त्यामुळे द्यायला हातात काही नव्हतं. त्यानं जयदेवचा हात धरून हँडलवर ठेवला आणि काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते कळलं नाही, पण दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

जयदेवला गाडी येई, पण ती पळवणं येत नसे. हात चाले, काळीज चालत नसे. बांध समोर आला की त्याची हँडलवरची मूठ आपोआप ढिली पडायची. मग देऊ भेटला. बारवीकडच्या पाड्यावरचा ठाकराचा पोर, वीस-एकवीसचा, डोक्यावर लाकडांची मोळी. चढावर गाडी अडकून पडली होती आणि जयदेव घामाघूम. देऊनं मोळी खाली ठेवली आणि म्हणाला, "मी आनतो वर." चालवायला येतं का, विचारलं तर म्हणाला, "गाडी नाय येत. डोंगर येतो." आणि त्यानं आणली. पडत, हसत, दोनदा आडवा होत आणली. महिन्याभरात कापणी झालेल्या खाचरांत तो तिला अशी नाचवू लागला की पाड्यावरची म्हातारी माणसं ओट्यावर येऊन बसायची. प्रत्येक बांध म्हणजे एक उडी. बांधावरून गाडी सुटली की इंजिनाचा आवाज क्षणभर मोकळा होई, जमिनीवर आली की परत घट्ट. देऊ तिला भिंगरी म्हणायचा. पिस्टन फुटला तेव्हा तिकडचा सुटा भाग मिळणं अशक्यच होतं. कॅम्प चारमध्ये एका भट्टीवाल्यानं जुन्यावरून नवा ओतून दिला, जयदेवनं तो लेथवर घासून बसवला, आणि भिंगरी परत नाचली. तरी मनातून त्याला तो पिस्टन आवडत नसे. बाकी सगळं तिकडचं, आणि नेमकं काळीज उल्हासनगरचं, असं त्याला वाटायचं.

आता तेलाचं. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. तेवढंच त्याचं वंगण. तेल नसेल तर चार-पाच मिनिटांत पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो, धावतं चाक जागच्या जागी बंद पडतं, आणि वरचा माणूस पुढे जातो. वासूसाहेबाचे तेलाचे डबे संपले तेव्हा जयदेवनं उरलेल्या थेंबाचा वास घेतला आणि कपाळावर हात मारला. ते साधं एरंडेल होतं. लहानपणी आई नाक दाबून पाजायची तेच! तिकडच्या त्या हिरव्या टेकड्यांवरून जो वास दरवळत असेल म्हणून तो झुरत होता, तो त्यानं पाचव्या वर्षीच घेतला होता. मग तेलाच्या घाण्यावरून एरंडेल यायला लागलं. टाकी भरायची ती नेहमी जयदेवनंच. आणि त्याची एक सवय होती, कुणाला न सांगितलेली. टाकीत आधी तेल ओतायचं, त्यातच बोट बुडवायचं आणि टाकीच्या झाकणापुढे एक ठिपका ओढायचा. तेल घातल्याची खूण. ठिपका असला की पेट्रोल भरायचं, गाडी हलवून घ्यायची आणि देऊच्या हवाली करायची. चार वर्षांत कधी चूक झाली नाही.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत बदलापूर गावापलीकडे नदीकाठी शर्यत ठेवली होती. उल्हासनगरच्या हौशी मंडळींनी दोऱ्या लावल्या, लाउडस्पीकर आणला. बहुतेकांच्या गाड्या रस्त्याच्याच, मडगार्ड काढून आणलेल्या; तिकडची, खरीखुरी अशी एकटी भिंगरी. सकाळी देऊची आई येसू पाड्यावरून चालत आली. पदराच्या गाठीत कुंकवाची पुडी. तिनं देऊच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग गाडीला. आता कुंकू नीट चिकटावं म्हणून तिनं बोट तेलात बुडवून घेतलं होतं, आणि लावलं ते नेमकं टाकीच्या झाकणापुढे. गाडीचं कपाळ म्हणजे तेच, तिला दुसरं काय वाटणार? जयदेव तेव्हा चेन बघत होता; हे त्याला नंतर कळलं. लाउडस्पीकरवर नाव पुकारलं, धावपळ झाली, त्यानं पेट्रोलचा डबा उचलला, टाकीवर नुसती नजर टाकली, रंगबिंग बघितला नाही. ठिपका होता.

इथं येऊन त्याचं डोकं बारा वर्षं थांबत होतं. ठिपका होता, एवढं स्वच्छ दिसायचं. पण कुणाचा? त्यानं त्याआधी तेल घातलं होतं का? तो आठवू लागला की तेलाचा डबा कलंडताना दिसायचा, घट्ट धार दिसायची, बोटाला चिकटपणा लागायचा. पण तो कुठल्या दिवशीचा? चार वर्षं दर वेळी तेच केलेलं. त्या सगळ्या दिवसांची मिळून एकच धार झाली होती, आणि तिच्यातून तो एक दिवस वेगळा काढता येत नव्हता. सवयीची गोष्ट माणूस करतो, पण केल्याचं त्याला आठवत नाही. दुसऱ्या फेरीत, उतारावर, देऊ सगळ्यांच्या पुढे असताना आवाज तुटला. नुसता तुटला. मागचं चाक जागेवर थिजलं, देऊ उडाला, गाडी उलटी होऊन त्याच्या पायावर आली. लाउडस्पीकरवर कुणीतरी अजून हसत बोलत होतं. देऊचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

त्यानंतर येसू म्हणाली, देवाची मर्जी. देऊ काही म्हणाला नाही. जयदेवही काही म्हणाला नाही. कोंडाजीच्या शेडमध्ये गाडी ढकलली आणि कडी लावली. घराच्या दोन खोल्यांपुढे पत्रा टाकून त्यानं संध्याकाळचं छोटंसं गॅरेज सुरू केलं आणि देऊला तिथं बसवलं. पंक्चर, प्लग घासणं, ट्यूबला ठिगळ. तेव्हापासून रोज पाच वाजता बदलापूर गावातून एसटीनं देऊ येतो, कुबडी भिंतीला टेकवतो, पाटावर बसतो. सुट्टीच्या दिवशी सकाळीच. शहाऐंशीत जयदेवला मस्कतचं बोलावणं आलं. तो नाही म्हणाला. नव्वदमध्ये नाशिक, नाही म्हणाला. का, ते त्याच्या बायकोनं, अंजनीनं, पहिल्या वेळी विचारलं. दुसऱ्या वेळी विचारलं नाही, दोन दिवस जेवली मात्र नाही. रस्त्यावर आता शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक आल्या होत्या, लिटरला ऐंशी किलोमीटर देणाऱ्या, ना धूर ना आवाज. गॅरेजमध्ये त्याच यायच्या. जयदेव त्या दुरुस्त करायचा आणि त्यांच्याबद्दल त्याच्या मनात काहीही यायचं नाही. कधी एखादी जुनी टू-स्ट्रोक रस्त्यावरून डिंग डिंग करत गेली की तो आणि देऊ दोघंही एकदमच मान वर करत, आणि मग दोघंही एकदमच खाली घालत.

टेम्पो दारात थांबला तेव्हा अंजनी पायरीवर तांदूळ निवडत होती. तिनं गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"हीच का ती?"

"हं."

"आता हिचं काय करायचं? लोणचं घालायचं?"

तो हसला नाही. मग तिनंही सूप बाजूला ठेवलं. पुण्याहून तिच्या थोरल्या भावाचं, बाळाजीचं, पत्र येऊन चार दिवस झाले होते. तो दुचाकीच्या कारखान्यात फोरमन. नव्या गाड्या चालवून, खोलून बघण्याच्या खात्यात एक जागा होती, जयदेवसारखाच माणूस हवा होता, राहायला कंपनीची खोली, पुढच्या सोमवारपर्यंत होकार कळवा. अशी जागा दुसऱ्यांदा येत नाही, हे बाळाजीनं दोनदा अधोरेखित केलं होतं. त्या रात्रीच अंजनीनं माळ्यावरची ट्रंक खाली काढून पुसून ठेवली होती. आणि त्याच रात्री, लग्नाच्या पंधराव्या वर्षी, जयदेवनं तिला ठिपक्याचं सगळं सांगितलं होतं.

"अहो, मग हिला उघडल्यावर कळेल ना?" आता ती म्हणाली.

"कळेल. तेल नसलं तर पिस्टन चारी अंगांनी खरवडलेला निघेल. तेल असलं तर गुळगुळीत. मधाच्या रंगाचा. एरंडेल जळलं की तसाच रंग सोडतं."

"मग उघडा एकदाचं. मध निघाला तर आपण जायचं. आणि खरवडलेला निघाला..." तिनं हाताला लागलेला कोंडा झटकला. "तर मी ट्रंक परत माळ्यावर टाकते आणि परत कधी विषय काढत नाही. पण हे असं अधांतरी नको. बारा वर्षं मी तुमच्याशी संसार केला नाही, त्या गाडीशी केला."

देऊ पाच वाजता आला. कुबडी टेकवली, आणि मग गाडी पाहिली. तो बराच वेळ बघत राहिला. मग पाटावर बसला तो गाडीकडे पाठ करून.

"उघडनार हायस, उस्ताद?"

"हो. डिझेल ओतून ठेवलंय. गंज सुटला की रविवारी उघडतो."

"कशापायी?"

जयदेवनं हातातला पाना पुसायला घेतला. देऊनं ट्यूबवर रेती-कागद घासायला घेतला. "मना म्हाईत हाय तुला काय वाटतं ते," तो खाली बघत म्हणाला. "पह्यल्या दिसापासून म्हाईत हाय. हिस्पितळात तू माझ्याकं बघंच ना, तवाच कळला. मी कधी काय बोललो?"

"नाही."

"आन उघडून त्यात तुझी चूक नाय निघाली तं?"

"तर बरंच की, देऊ."

"हां," देऊ म्हणाला. "तुला बरा." ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत, तो पुन्हा बोलला. आवाज अगदी साधा होता. "बारा वरसा मी हितं बसतो. कशापायी बसतो, तुला म्हाईत, मना म्हाईत. ते कशापायीच जर नाय रेहला, तं मी कोन रे? पंक्चरवाला लंगडा. त्याला कोनी बी कुठं बी बसवील, नाय तं नाय बसवनार."

जयदेवच्या तोंडावर आलं होतं, की अरे येडा आहेस का, तू माझा माणूस आहेस. पण ते खरं आहे का, हे त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं. देऊ त्याचा माणूस होता, की त्याचं कर्ज होता, की त्याची शिक्षा होता? बारा वर्षांत ह्या तिन्ही गोष्टींचा असा गोळा झाला होता की एक ओढली तर दुसरी हाताला लागायची. शुक्रवार, शनिवार देऊ आला, पण गाडीकडे पाठ करूनच बसला. दोघं एकमेकांशी फक्त पान्यांच्या नंबरात बोलले.

रविवारी सकाळी जयदेवनं आंघोळ करून गाडी उघडायला घेतली. का आंघोळ केली, त्यालाही माहीत नव्हतं. हेडचे नट डिझेलनं सुटले होते, पण चौथा हट्टाला पेटला. त्यानं छिन्नी लावली, हातोडीचा एक टोला, आणि तो करकरत फिरला. बोटं आठवणीनंच चालत होती. हेड उचललं. मग सिलिंडर. लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी हळूहळू ठोकत, केसाएवढा केसाएवढा वर. देऊ पाटावर पाठमोरा, हातात ट्यूब, ठिगळ तसंच. आत स्टोव्हचा आवाज बंद झाला. अंजनी दारात येऊन उभी राहिली होती, ओला हात पदराला पुसत.

सिलिंडर निघाला.

पिस्टन मधाच्या रंगाचा होता. गुळगुळीत. एक ओरखडा नाही. जयदेवनं त्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा नाकाशी नेला. बारा वर्षांनंतरही एरंडेल. खाली, जिथं पिस्टनचा रॉड फिरतो तिथल्या बेअरिंगमधला एक रोलर फुटून आडवा अडकला होता. त्यानंच सगळं थांबवलं होतं. तिकडचा, मूळचा रोलर. आणि ज्याच्यावर त्याचा कधी विश्वास नव्हता, तो उल्हासनगरच्या भट्टीतला पिस्टन जसाच्या तसा होता. त्यानं तेल घातलं होतं. ठिपका त्याचा होता, येसूचं कुंकू त्याच्यावर पडलं होतं इतकंच. कुणाचीच चूक नव्हती. लोखंड थकलं होतं. वासूसाहेबाच्या देशात, जयदेवनं कधी न पाहिलेल्या कुठल्याशा भट्टीत ओतलेलं लोखंड बदलापूरच्या उतारावर थकलं होतं.

आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. निदान रडू तरी. त्याऐवजी तो पान्यांच्या पेटीवर बसला आणि मनात एकेक मोजू लागला. मस्कत. नाशिक. अंजनीचे दोन दिवसांचे उपास. कोंडाजीच्या बापाचं दहावं. गुन्हाच नव्हता, तर मग ही शिक्षा कुणी भोगली? आणि कशाची? दार उघडं होतं. पुण्याची खोली, नव्या गाड्या, रोज इंजिनाचा आवाज. नुसतं बोलायचं होतं, "देऊ, तेल होतं." मग देऊ म्हणाला असता, "बरा झाला." आणि कुबडी घेऊन उठला असता, एसटीच्या थांब्याकडे गेला असता, आणि उद्या पाच वाजता पाट रिकामा राहिला असता. हे जयदेवला लख्ख दिसत होतं. त्याला देऊची दया आली, हे खरं. पण त्याहून खरं हे की त्याला भीती वाटली. मोकळा झालेला जयदेव म्हणजे कोण, त्याला पुण्यात कुणी कुठं बसवील, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. देऊनं विचारलेलं तेच त्याच्याही तोंडाशी आलं होतं. देऊची पाठ ताठ होती. मानेवरचे केस पांढरे होत चालले होते, ते त्यानं आज पहिल्यांदा पाहिले.

"काय निघाला?" देऊनं न वळता विचारलं.

जयदेवनं पिन ठोकून पिस्टन रॉडपासून सोडवला आणि फडक्यात गुंडाळला. "खरवडलाय," तो म्हणाला. "चारी अंगांनी. तेल घालायलाच विसरलो होतो, देऊ. चूक माझीच."

गल्लीतून एक शंभर सीसी गेली, आवाज न करता. देऊचे खांदे हळूहळू खाली आले. त्यानं ठिगळ ट्यूबवर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

अंजनी पायरी उतरून आली. तिनं जयदेवच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि उघडलं. उन्हात पिस्टन झळाळला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. जयदेवनं नजर खाली घातली नाही. घालायला हवी होती, पण घातली नाही. तिला सगळं कळलं, आणि तिला कळलं हे त्यालाही कळलं. तिनं पिस्टन पुन्हा गुंडाळला, देऊकडे पाठ असेल अशा बेतानं.

"मंग उद्या येव ना मी, उस्ताद?" देऊनं विचारलं. आवाजात पोरासारखी आशा होती.

जयदेवनं तोंड उघडलं, पण अंजनी आधी बोलली.

"या ना, भाऊजी," ती म्हणाली. "आम्ही कुठं जातोय."

आणि ती फडकं घेऊन आत गेली. जरा वेळानं माळ्यावर ट्रंक ढकलल्याचा आवाज आला.